नऊ बाइटचं आडनाव

१

इनेस नून्येझ मंगळवारी दुपारी गेली. वय एकाहत्तर, राहणार डोव्हर, न्यू जर्सी. शाळेच्या कँटीनमध्ये तीस वर्षं पोरांना जेवण वाढून रिटायर झालेली बाई. ताप आणि घसा घेऊन एकटीच दवाखान्यात गेली. तिला धड बोलता येत नव्हतं म्हणून नर्सने कॉम्प्युटरवर नाव घालून पाहिलं. स्क्रीनवर आलं, 'कागदपत्रं नाहीत'. मग पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि वीस मिनिटांत तिचा श्वास अडकला.

तिला पेनिसिलिन चालत नाही हे सांगणारा कागद आमच्या सर्व्हरवर होता. दोन वर्षांपासून होता. त्या दुपारीही तो तिथेच होता, आणि आमच्या प्रोग्रॅमला तो दिसला नाही.

आमची कंपनी पार्सिपनीत. दवाखान्यांचे कागद स्कॅन करून ठेवायचे आणि मागतील तेव्हा दाखवायचे, एवढाच धंदा. मी तिथे टेस्टिंग करते. पगार घेऊन दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, हे काम माझ्या स्वभावाला फार मानवलं होतं. माझं नाव सुहासिनी पेंढारकर. ऑफिसात मला 'सू' म्हणतात. अकरा वर्षांत एकाही गोऱ्या माणसाने पूर्ण नाव उच्चारायचे कष्ट घेतले नाहीत, आणि त्याचा मला रोज सकाळी नव्याने राग येतो.

गुरुवारी आमचे व्हाइस प्रेसिडेंट डग यांनी आम्हाला खोलीत बोलावलं. कोपऱ्यात शंतनू उभा होता. तीस वर्षांचा, मूळ नागपूरचा, व्हिसावर काम करणारा पोरगा. सर्व्हरच्या लॉगमध्ये शनिवारी सकाळी अकरा ते चार त्याच्या नावाने लॉगिन होतं. त्या लॉगिनने चार हजार कागद सर्व्हरवरून बाहेर काढले, दवाखान्यांप्रमाणे वेगवेगळ्या फोल्डरांत लावले आणि परत ठेवले. तेव्हापासून काही कागद सापडेनासे झाले होते.

"पोरगा चांगला आहे, यार," राजीव मान हलवत म्हणाला. राजीव आमचा मॅनेजर, शंतनूचा बॉस. "पण लॉग खोटं बोलत नाही."

डगने निर्णय सांगितला. क्लायंटला सोमवारी दहा वाजता अहवाल हवा होता. त्यात शंतनूचं नाव जाणार आणि त्याच दिवशी त्याची नोकरी. नोकरी गेली की व्हिसा गेला. ग्रीन कार्डच्या रांगेत त्याने काढलेली सहा वर्षं गेली. बायको राधिकाला सातवा महिना होता. आणि भारतात परतल्यावरही एका म्हातारीच्या मरणाचा कलंक कपाळी राहणार तो राहणारच.

मी त्याला पार्किंगमध्ये गाठलं. रस्त्याकडेला काळपट बर्फाचे ढीग होते आणि हा नुसत्या स्वेटरमध्ये उभा.

"ताई, शनिवारी मी लॉगिनच केलं नाही," तो म्हणाला. "आम्ही दिवसभर आयसेलिनच्या देशी बाजारात होतो. राधिकाची खरेदी होती."

"मग तुझ्या नावाने कोणी केलं?"

त्याने मान खाली घातली. माहीत नसलेला माणूस वर बघतो, आठवायला लागतो. हा खाली बघत होता. ह्याला माहीत होतं.

२

त्याच्या तोंडून काढायच्या आधी मी गुन्हा नीट बघायचं ठरवलं. सर्व्हर सांभाळणारा केविन हा खडूस गडी. आल्यागेल्यावर खेकसतो, पण कामात चोख. शनिवारी लॉगिन कुठल्या ठिकाणाहून झालं, ते मी त्याला विचारलं.

"नोंद ठेवत नाही," तो म्हणाला. "नाव ठेवतो, ठिकाण नाही. जागा लागते म्हणून डगने बंद करायला लावलं."

वर आणखी राग आला. तो गिळून मी म्हटलं, "नून्येझचं फोल्डर दाखव."

त्याने दाखवलं. नाव व्यवस्थित होतं. यूवर तिरकी रेघ, एनवर नागमोडी लाट, जिथल्या तिथे. मी तेच नाव शोधाच्या चौकटीत टाइप केलं. कागदपत्रं नाहीत. मग यादीतलं नाव उचलून, टाइप न करता, तसंच चौकटीत चिकटवलं. कागद समोर हजर. पहिल्याच ओळीत पेनिसिलिन, लाल शाईत, दोनदा अधोरेखित.

केविन खुर्चीत सरळ बसला.

"दोन्ही नावांचे बाइट मोज," मी म्हटलं.

बाइट म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातले दाणे. साध्या इंग्रजी अक्षराला एक दाणा लागतो. रेघ किंवा लाट असलेल्या अक्षराला दोन. नून्येझ आडनाव इंग्रजी लिपीत पाच अक्षरी, त्यातली दोन अक्षरं नटलेली, म्हणजे सात दाणे व्हायला हवेत. टाइप केलेल्या नावाचे सात भरले. फोल्डरच्या नावाचे नऊ.

"अशक्य," केविन म्हणाला. "दोन्ही एकच दिसतात."

मला ते अशक्य वाटलं नाही. इथे येण्याआधी मी पुण्यात मराठी फॉन्ट करत होते. आपला 'ऱ' घ्या, 'दऱ्या'मधला, खाली टिंब असलेला. कॉम्प्युटरमध्ये तो अख्खा एक अक्षर म्हणून ठेवता येतो किंवा आधी साधा 'र' आणि मागून टिंब, असाही ठेवता येतो. डोळ्यांना काडीचा फरक दिसत नाही. यंत्राला मात्र ती दोन वेगळी अक्षरं वाटतात, आणि मुद्दाम शिकवलं नाही तर ते दोघांची गाठ घालून देत नाही. रेघांच्या आणि लाटांच्या इंग्रजी अक्षरांचंही तेच. मंगळवारी नर्सने अख्खी अक्षरं टाइप केली. सर्व्हरवरच्या नावात कोणीतरी रेघ आणि लाट सुटी करून ठेवली होती, म्हणून त्या दोन अक्षरांना एकेक दाणा जास्त लागत होता.

केविनने सगळी यादी चाळली. चार हजार कागदांमध्ये एकशे बारा जणांची नावं अशी फुटली होती. पेन्या, मुन्योझ, गार्सिया, एक फ्रेंच म्हातारा, दोन पोलिश बहिणी. स्मिथ आणि जॉन्सन सुखरूप होते. ह्या देशात स्मिथ आणि जॉन्सन नेहमीच सुखरूप असतात.

"असं हाताने करायला वर्ष लागेल," केविन म्हणाला.

"हाताने केलंच नाही. फाइल ठेवून घेतानाच नावातल्या रेघा सुट्या करण्याची खोड एका मशीनला आहे. कागद त्यावर उतरवले आणि परत चढवले की झालं. माणसाला पत्ताही लागत नाही."

"मॅक," केविन म्हणाला.

आमच्या ऑफिसात सगळीकडे विंडोज होतं. शंतनूच्या घरीही. मॅक एकच होता, डिझाइन करणाऱ्या आर्यच्या टेबलावर.

३

आर्य चोवीस वर्षांचा, जन्म एडिसनचा, आईबाप ठाण्याचे. मला सुहासिनीमावशी म्हणतो आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलतो. शुक्रवारी सकाळी मी त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले.

"शनिवारी तुझा मॅक कुठे होता?"

"इन द शॉप, मावशी. बोर्ड उडाला होता. गॉट इट बॅक ऑन वेन्सडे." त्याने पाकिटातून दुकानाची पावती काढून दिली. गुरुवारी जमा, पुढच्या बुधवारी परत. शनिवारी हे मशीन दुकानाच्या टेबलावर उघडं पडलं होतं.

"अ‍ॅम आय इन ट्रबल?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. पण मी तिथेच अडकले होते. मॅक हवा होता आणि एकमेव मॅक दुकानात होता.

संध्याकाळी शंतनूच्या अपार्टमेंटवर गेले. सोफ्यावर बाळाच्या कपड्यांच्या पिशव्या होत्या, पावत्या अजून आत. राधिकाने चहा टाकला. मी आडवळण न घेता विचारलं, "पासवर्ड कोणाला दिलास?"

उत्तर राधिकाने दिलं. "दिलाय, ताई. मागितला म्हणून दिला. तीन महिने झाले."

"राधिका," तो म्हणाला.

"का? तुमची नोकरी चाललीय आणि तुम्ही त्यांची लाज राखताय."

"नाव विचारू नका, ताई," शंतनू माझ्याकडे वळला. "पहिल्यांदा आलो तेव्हा ज्यांनी नेवार्कच्या विमानतळावरून आणलं, महिनाभर घरी ठेवलं, ताटात वाढलं, त्यांचं नाव मी घेणार नाही. त्यांनी काही केलंय असंही मी म्हणत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही आपली रीत. परक्या देशात कोणी चार दिवस आसरा दिला की जन्मभर मान वर करायची नाही. पासवर्ड मागितला तर घराची किल्ली दिल्यासारखा द्यायचा, कारण मोठ्या माणसाला नाही म्हणणं बरं दिसत नाही. अमेरिकन पोराने तोंडावर नाही म्हटलं असतं आणि झोपायला गेला असता. पण आमच्या ऑफिसातल्या निम्म्या मराठी पोरांना कोणी ना कोणी नेवार्कहून आणलेलं होतं. मीही चौघांना आणलंय. तेवढ्यावरून माणूस ठरत नव्हता.

उठताना मी राधिकाला म्हटलं, "रविवारी भेटूच. शैलाकडे हळदीकुंकू आहे ना?"

"मी जाणार नाही," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

जिन्यात माझी पावलं थांबली. सातव्या महिन्यातली पोर, पहिलटकरीण. शैलाच्या हळदीकुंकवात तिचीच ओटी भरायची म्हणून महिनाभर बेत चालला होता. ह्या घरात शंतनू तोंड उघडत नव्हता, पण त्याच्या बायकोने नाव घेतलं होतं. शैला ही राजीवची बायको.

४

नुसत्या संशयाने सोमवार टळणार नव्हता. राजीवकडे ऑफिसचा विंडोज लॅपटॉप होता, मी रोज बघत होते. मॅक कुठून आणायचा?

रविवारी हळदीकुंकवाला गेले. मी विधवा. पुण्यात मला कोणी बोलावलं नसतं. शैलाने आवर्जून बोलावलं आणि दारात मात्र कुंकवाची कोयरी घेऊन क्षणभर घुटमळली. मी कपाळ पुढे केलं नाही, तिळगूळ घेतला आणि आत गेले. पार्सिपनीतल्या त्या घरात पंचवीस साड्या सळसळत होत्या. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटत होते.

जेवणाच्या टेबलाच्या टोकाला राजीवची मुलगी रीमा पाय वर घेऊन बसली होती. कॉलेजला नुकतीच गेलेली. तिच्यासमोर एक पांढरा कोरा लॅपटॉप होता. झाकणावर सफरचंद.

माझ्या हातातला डबा मी खाली ठेवला.

"छान आहे गं. नवा?"

"ख्रिसमस गिफ्ट," रीमा म्हणाली. "पण मला मिळतोय कुठे, काकू? लास्ट सॅटर्डे डॅडने दिवसभर घेतला. हिज लॅपटॉप वॉज डेड. माझी डिस्क फुल करून ठेवली, लाइक, फोर थाउजंड स्कॅन्स फ्रॉम सम क्लिनिक. मीच डिलीट केले."

मागे शैला उभी होती, हातात साखरफुटाण्यांची वाटी. तिने सगळं ऐकलं होतं. तिला ह्यातलं काही माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं.

"काय झालंय, सुहासिनीताई?" तिने हळू विचारलं.

तिच्या घरात, तिच्या पाहुण्यांसमोर, तिच्या नवऱ्याबद्दल काय सांगायचं? मी कोट घेतला आणि निघाले.

५

सोमवारी नऊ वाजता डगच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. डग, राजीव, केविन, शंतनू आणि मी. दहाला क्लायंटचा फोन येणार होता.

मी फळ्यावर दोन आकडे लिहिले, सात आणि नऊ. नाव कसं फुटलं ते सांगितलं. केविनने मान डोलावली. मग म्हटलं, "शनिवारी हे कागद मॅकवर गेले. शंतनूकडे मॅक नाही. ऑफिसचा मॅक दुकानात होता, ही पावती. म्हणजे तिसरा मॅक आहे. शंतनूचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे, त्याच्या घरी."

राजीव खिडकीबाहेर बघत होता.

"तू मागच्या सोमवारी क्लायंटला फोल्डर लावून दाखवणार होतास," मी त्याला म्हटलं. "तुझा लॅपटॉप बंद पडला. पेशंटांचे कागद घरच्या मशीनवर नेणं हा इथे गुन्हा आहे, म्हणून तू स्वतःच्या नावाने गेला नाहीस. कागद तू बिघडवलेस ते न कळता. ते मी मान्य करते. पण मंगळवारी तुला कळलं होतं, आणि गुरुवारी तू ह्याच खोलीत म्हणालास, लॉग खोटं बोलत नाही."

"प्रूफ काय आहे?" राजीव म्हणाला.

"रीमाने चार हजार स्कॅन पाहिलेत. क्लायंटचे वकील तिला विचारतील."

राजीव खिडकीपासून वळला आणि म्हणाला, "रीमाला यात आणू नकोस." त्याने शंतनूकडे पाहिलं नाही. शंतनूही त्याच्याकडे पाहत नव्हता.

मला वाटलं, संपलं. पण राजीव मॅनेजर झाला होता तो काही उगाच नाही. त्याने समोरचा लॅपटॉप उघडला आणि शांतपणे म्हणाला, "डग, प्रोग्रॅमने दोन्ही नावं एकच आहेत हे ओळखायलाच हवं होतं. दोन वर्षांपूर्वी टेस्टिंगमध्ये हेच सापडलं होतं. 'प्राधान्य कमी, आहे तसं चालेल.' सही बघ."

सही माझी होती.

आठवलं नाही असं म्हटलं तर खोटं ठरेल. गुरुवारी नऊ हा आकडा पाहिला तेव्हाच आठवलं होतं. दोन वर्षांपूर्वी रिलीजची तारीख डोक्यावर होती. राजीव म्हणाला होता, अशी नावं असतात किती जणांची, आणि मी वाद घातला नव्हता. रोज सकाळी स्वतःच्या नावावरून जळफळणारी मी, दुसऱ्यांच्या नावांवर 'चालेल' लिहून मोकळी झाले होते. चार दिवस मी सगळ्यांवर चिडत फिरले, कारण माझ्यावर चिडायला मला वेळ द्यायचा नव्हता.

डगने घड्याळ पाहिलं. त्याने सौम्य आवाजात तोडगा मांडला. राजीव राजीनामा देईल, घरच्या कारणासाठी. अहवालात फक्त 'परकीय अक्षरांमुळे तांत्रिक बिघाड' लिहायचं. माझा जुना कागद कोणी बघायची गरज नाही. क्लायंटला मात्र कोणीतरी दाखवावं लागेल, आणि पासवर्ड तर शंतनूने दिलाच होता. त्याला दोन महिन्यांचा पगार देऊ.

"परकीय?" मी म्हटलं. "ती बाई डोव्हरमध्ये जन्मली होती, डग. तिचं आडनाव तुझ्या ऑफिसच्या आधीपासून ह्या काउंटीत आहे."

"सू, मी तुलाही वाचवतोय."

"माझं नाव सुहासिनी आहे."

अहवाल मी रविवारी रात्रीच लिहून ठेवला होता. त्यात एक पान कमी होतं, ते त्या खोलीत बसून लिहिलं. कागद राजीवने नेले, शंतनूच्या नावाने, त्याच्या नकळत. ठिकाणाची नोंद कंपनीने बंद केली होती. आणि दोन्ही नावं एकच आहेत हे प्रोग्रॅमला कळत नाही, हे दोन वर्षांपूर्वी सुहासिनी पेंढारकरला माहीत होतं, तिने ते चालू दिलं. दहाला दोन मिनिटं असताना डगच्या डोळ्यांदेखत मी तो क्लायंटला पाठवला. त्याने हात पुढे केला होता, पण केविन मध्ये उभा राहिला.

दुपारपर्यंत निकाल लागला. क्लायंटने शंतनूला ठेवायला सांगितलं, एकशे बारा नावं दुरुस्त करायला त्यांना तोच हवा होता. पासवर्डबद्दल त्याला लेखी ताकीद मिळाली. राजीव घरी गेला. मलाही माझं टेबल आवरायला सांगितलं. अकरा वर्षांचं सामान एका खोक्यात मावलं.

शंतनू पार्किंगपर्यंत खोका घेऊन आला. त्याने तो डिकीत ठेवला, माझ्याकडे वळला आणि माझ्या पाया पडायला खाली वाकू लागला.

मी त्याचा दंड धरून त्याला वर ओढलं. जरा जोरातच ओढलं असेल.

"वाकू नकोस," मी म्हटलं. "वाकलास म्हणून पासवर्ड दिलास. मी वाकले म्हणून सही केली. आणि मेली कोण, तर ती."

त्याने डिकी लावली. मी गाडीत बसले. किल्ली लावली आणि गाडी पार्किंगमधून बाहेर काढली.